प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८: वचन ३७ कुठे गेले?

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा आठवा अध्याय अलीकडच्या एखाद्या इंग्रजी आवृत्तीत उघडून बघा. यरुशलेमहून गाझाकडे जाणाऱ्या रस्त्यावर फिलिप्प हा ख्रिस्ती प्रचारक आणि इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून बोलत चालले आहेत. वाटेत पाणी दिसते. खजिनदार विचारतो, हे बघ पाणी, मग मी बाप्तिस्मा घ्यायला हरकत काय? हे वचन ३६. पुढचा आकडा येतो तो थेट ३८, आणि तिथे दोघे पाण्यात उतरलेलेही असतात. मधले ३७ बहुतेक आवृत्त्यांत तळटीपेत गेलेले असते.

अशा ‘गायब’ वचनांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरत असतात. मत्तय १७:२१, मार्क ९:४४ आणि ९:४६, कृत्ये ८:३७. काही भाविक त्या पाहून धास्तावतात: आमच्या शास्त्रातून कुणी वचने काढली? काही टीकाकार त्याच याद्या दाखवून विचारतात, ज्या ग्रंथाची संहिताच धड ठरलेली नाही त्यावर विश्वास कसा ठेवायचा? या दोघांच्याही हाती एक गोष्ट द्यावीशी वाटते, म्हणून हा लेख. गेली पाचशे वर्षे काही माणसे आयुष्य पणाला लावून नेमके हेच प्रश्न सोडवत आली आहेत. त्या विद्येला मराठीत पाठचिकित्सा म्हणतात. ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासातली ही सर्वांत कष्टाची शाखा असावी, आणि मला तरी ती सर्वांत सुंदर वाटते.

आधी आकड्यांचे कोडे सोडवू. नव्या कराराच्या लेखकांनी वचनांना क्रमांक दिलेले नव्हते. रॉबेर एस्तियेन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली जिनिव्हात छापलेल्या आवृत्तीत ते पहिल्यांदा घातले. त्याच्यापुढे जी छापील संहिता होती तिच्यात फिलिप्प आणि खजिनदार यांचा एक छोटा संवाद होता: तू मनापासून विश्वास ठेवत असशील तर हरकत नाही, येशू ख्रिस्त देवाचा पुत्र आहे असा माझा विश्वास आहे. त्याला ३७ हा आकडा मिळाला. पुढे याहून कितीतरी जुनी हस्तलिखिते अभ्यासकांच्या हाती आली. तिसऱ्या शतकातला पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरची प्रत) पी ४५ आणि चौथ्या शतकातल्या सिनाइटिकस व व्हॅटिकनस या थोर पोथ्या, यांपैकी कशातच तो संवाद नव्हता. वचन मूळ मजकुरातून खाली उतरले. पण पुढचे आकडे बदलले असते तर चारशे वर्षांचे सगळे संदर्भ चुकले असते, म्हणून ती जागा रिकामीच ठेवली.

म्हणजे ‘कुणी काढले?’ यापेक्षा ‘कुणी घातले, आणि का?’ हा प्रश्न खरा. उत्तर असे दिसते. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) बाप्तिस्म्याआधी विश्वासाची कबुली द्यावी लागे. कृत्यांच्या मूळ कथेत खजिनदार अशी कबुली न देताच पाण्यात उतरतो. कुणा नकलाकाराला ते खटकले असणार. त्याने आपल्या मंडळीतली प्रश्नोत्तरे समासात लिहिली, आणि पुढच्याने समासातले शब्द मजकुरात घेतले. हे फार लवकर घडले, कारण इ.स. १८०च्या सुमारास लिहिणाऱ्या इरेनियस या बिशपला ही कबुली माहीत आहे. हे वचन मूळ लेखकाचे नव्हे. पण दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती माणसाचा बाप्तिस्मा कसा होई, हे आपल्याला त्याच्यातूनच ऐकू येते.

हाताने उतरवलेला ग्रंथ

नव्या करारातली २७ पुस्तके साधारण इ.स. ५० ते दुसऱ्या शतकाचा आरंभ या काळात ग्रीक भाषेत लिहिली गेली. लेखकांच्या हातची एकही प्रत उरलेली नाही. पपायरस दमट हवेत टिकत नाही. जे टिकले ते बहुतांशी इजिप्तच्या कोरड्या वाळूत.

मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा आहे, जेमतेम तळहातावर मावेल एवढा. एका बाजूला योहानाच्या शुभवर्तमानातल्या (येशूच्या चार चरित्रांपैकी एकातल्या) १८व्या अध्यायाच्या काही ओळी, दुसऱ्या बाजूला त्याच अध्यायातल्या पुढच्या. रोमन सुभेदार पिलातासमोरच्या येशूच्या चौकशीचा भाग. पी ५२ हे त्याचे नाव. १९३५ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा अक्षरांच्या वळणावरून त्याचा काळ दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध ठरवला गेला, आणि ‘नव्या कराराचा सर्वांत जुना तुकडा’ म्हणून तो जगभर गाजला. ब्रेंट नॉन्गब्री या अभ्यासकाने २००५ साली शांतपणे दाखवून दिले की नुसत्या वळणावरून इतका नेमका काळ सांगता येत नाही. तो दुसऱ्या शतकाच्या अखेरचा, कदाचित तिसऱ्याचाही असू शकेल. आपल्या आवडत्या पुराव्याचीही अशी झाडाझडती घेता येणे, ही या विद्येची सर्वांत मोठी ताकद आहे.

आज ग्रीक हस्तलिखितांची नोंदलेली संख्या पाच हजारांच्या वर आहे. त्यांतली बहुसंख्य नवव्या शतकानंतरची, म्हणजे मूळ लेखनापासून आठशे-हजार वर्षे दूरची. त्यांच्या जोडीला लॅटिन, सिरियाक, कॉप्टिक अशा जुन्या भाषांतरांच्या प्रती आहेत, आणि प्राचीन ख्रिस्ती लेखकांनी दिलेली हजारो अवतरणे. कुठलीही दोन मोठी हस्तलिखिते तंतोतंत सारखी नाहीत.

हे ऐकून मराठी वाचकाला तरी धक्का बसू नये. आपले सगळे जुने वाङ्मय याच वाटेने आले आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. त्यानंतर तीनशे वर्षांच्या आत तिच्यात इतके पाठभेद (प्रतीप्रतींतले शब्दांचे फरक) शिरले होते की एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती जुळवून ती शुद्ध केली.

चुका कशा होतात

जुन्या ग्रीक पोथ्या मोठ्या अक्षरांत सलग लिहिलेल्या असत. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत. आपल्या पोथ्या किंवा मोडी कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. अशा मजकुरात नकलाकाराची नजर घसरणे अगदी साहजिक आहे.

योहानाच्या पहिल्या पत्रात (२:२३) एक जोडवाक्य आहे. पुत्राला नाकारणाऱ्याजवळ पिता नाही, आणि पुत्राला पत्करणाऱ्याजवळ पिताही आहे. ग्रीकमध्ये दोन्ही अर्धांचा शेवट त्याच शब्दांनी होतो. नकलाकाराने पहिला अर्धा लिहिला, मान वर करून पाहिले, डोळे दुसऱ्या अर्धाच्या शेवटावर पडले, आणि तो पुढे गेला. दुसरा अर्धा गळाला. नंतरच्या अनेक प्रतींत तो नाहीच. उशिराच्या प्रती नेहमी भर घालूनच लांबतात असे नाही, त्या आखूडही होतात, हे या उदाहरणावरून कळते.

काही चुका कानाच्या. रोमकरांस पत्र ५:१ मध्ये ‘देवाबरोबर आपल्याला शांती आहे’ असे आहे की ‘शांती असू द्या’ असे? ग्रीकमध्ये फरक एका स्वराचा, ऱ्हस्व ओ की दीर्घ ओ. त्या काळापर्यंत दोन्हींचा उच्चार एकच झाला होता. एक पाठ ग्वाही देतो, दुसरा उपदेश करतो, आणि हस्तलिखितांत दोन्ही आहेत.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले (३:१६) उदाहरण तर अंगावर काटा आणणारे आहे. तिथे एका प्राचीन स्तोत्राची ओळ येते. ‘जो देहात प्रकट झाला’ की ‘देव देहात प्रकट झाला’? ग्रीकमध्ये ‘जो’ हा शब्द एक वर्तुळ आणि त्यापुढे सिग्मा हे अक्षर एवढाच. ‘देव’ हा पवित्र शब्द नकलाकार आखडून दोन अक्षरांत लिहीत: तेच वर्तुळ, पण मध्ये एक आडवी रेघ, त्यापुढे तोच सिग्मा, आणि दोन्हींवर एक रेघ. म्हणजे ख्रिस्ताच्या देवत्वाचा एक गाजलेला आधार दोन बारीक रेघांवर उभा होता. योहान वेट्स्टाइन या तरुण स्विस अभ्यासकाने लंडनमध्ये पाचव्या शतकातल्या अलेक्झांड्रिनस पोथीचे हे पान तपासले. वर्तुळातली रेघ पानाच्या मागच्या बाजूच्या अक्षराची असून ती चामड्यातून पुढे उमटली आहे, असे त्याचे मत झाले. त्याच्या एकंदर मतांवरून वादळ उठले आणि १७३० साली बाझेलमधले त्याचे धर्मोपदेशकाचे पद गेले. आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या ग्रीक आवृत्तीत ‘जो’ हाच पाठ आहे.

आणि काही बदल भक्तीपोटी झालेले. प्रभूची प्रार्थना मत्तयात आहे तशी लूकमध्येही आहे. लूकच्या जुन्या प्रतींत, उदाहरणार्थ पी ७५ आणि व्हॅटिकनसमध्ये, ती फार आटोपशीर आहे. ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ असे न म्हणता नुसते ‘पित्या’ म्हणून सुरू होते. नकलाकाराला मत्तयाची प्रार्थना तोंडपाठ. लूक उतरवताना हात आपोआप ओळखीच्या शब्दांकडे वळला. खुद्द मत्तयातही शेवटचे ‘कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही सदासर्वकाळ तुझी आहेत’ हे शब्द सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत. ते उपासनेतून ग्रंथात आले असावेत. प्रॉटेस्टंट मंडळी ही प्रार्थना या शब्दांनी संपवतात आणि कॅथलिक त्यांच्याआधीच थांबतात, त्यामागे हाच इतिहास आहे.

नकलाकारांनाही आपल्या आधीच्यांचा राग येई. व्हॅटिकनसमध्ये इब्री लोकांस पत्राच्या पहिल्या पानावर (१:३) एक दुर्मीळ पाठ होता. कुणी तो खोडून प्रचलित पाठ घातला. पुढे शतकांनंतर दुसऱ्या कुणी जुना पाठ पुन्हा लिहिला आणि समासात पहिल्याची कानउघाडणी केली: अरे मूर्खा, दुष्टा, जुना पाठ राहू दे, बदलू नकोस! ज्ञानेश्वरीत आपली ओवी घुसडणारा म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणारा, असे नाथांनी बजावले ते याच पोटतिडकीने. गंमत अशी की व्हॅटिकनसच्या त्या जुन्या पाठाला आज बहुतेक अभ्यासक मूळ मानत नाहीत. पण समासात ते शब्द लिहिणाऱ्याची तळमळ खरी होती.

छापखाना आला आणि चूक पक्की झाली

१५१६ साली डेसिडेरियस इरॅस्मस या डच पंडिताने बाझेलला ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला. त्याच्याजवळ मोजकी, तीही उशिराची हस्तलिखिते होती आणि काम घाईचे होते. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या ज्या एकमेव प्रतीवर तो विसंबला होता तिचे शेवटचे पान फाटलेले. मग त्याने शेवटची काही वचने लॅटिनवरून स्वतःच ग्रीकमध्ये उलटी भाषांतरित केली. लॅटिन प्रतींमध्ये ‘जीवनाच्या झाडा’चे ‘जीवनाचे पुस्तक’ झाले होते. ते इरॅस्मसच्या ग्रीकमध्ये उतरले, आणि तिथून १६११च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्येही. त्याच वचनात (२२:१९) या पुस्तकातून शब्द काढणाऱ्याला शाप दिलेला आहे.

त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत योहानाच्या पहिल्या पत्रातले (५:७) एक वाक्य नव्हते: स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत. त्रैक्याच्या सिद्धान्ताला इतका थेट आधार दुसरीकडे नाही, म्हणून ओरड झाली. इरॅस्मसचे म्हणणे साधे होते: हे मला एकाही ग्रीक प्रतीत सापडले नाही. नंतर एक ग्रीक हस्तलिखित पुढे आले, आज ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. सोळाव्या शतकातलेच, जवळजवळ शाई ओली असलेले. १५२२च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते वाक्य घेतले. एक तरी प्रत दाखवा मग घालतो, असे वचन इरॅस्मसने दिले होते आणि तो त्यात अडकला, अशी कथा पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. हेंक यान द योंगे या डच अभ्यासकाने १९८० साली इरॅस्मसचेच लेखन तपासून दाखवले की असे वचन दिल्याचा पुरावा नाही; आपल्या कामावर पाखंडाचा शिक्का बसू नये या काळजीने त्याने ते घेतले. त्रैक्यावरची श्रद्धा त्या वाक्यावर अवलंबून नव्हती हेही सांगायला हवे. तो सिद्धान्त चौथ्या शतकातल्या ज्या ग्रीक धर्मगुरूंनी मांडला, त्यांच्या ग्रंथांत हे वाक्य नव्हतेच.

इरॅस्मसच्या संहितेला थोडाफार हात लावत पुढच्या आवृत्त्या निघाल्या. १६३३ साली लायडनच्या एल्झेव्हिर मुद्रकांनी प्रस्तावनेत तिचे वर्णन ‘सर्वांनी स्वीकारलेली संहिता’ असे केले. जाहिरातीचे ते शब्द पुढे तिचे नाव झाले. मिशनरी विल्यम केरींच्या बंगालमधल्या श्रीरामपुरातून १८११ साली मराठी नवा करार छापून निघाला तेव्हाही जगात याच संहितेचे राज्य होते.

तीस हजार पाठभेद आणि एक उत्तर

ऑक्सफर्डच्या जॉन मिलने तीस वर्षे खपून सुमारे शंभर हस्तलिखिते, जुनी भाषांतरे आणि अवतरणे तपासली. १७०७ साली त्याचा ग्रंथ निघाला, आणि दोनच आठवड्यांत तो वारला. त्याच्या ग्रंथात सुमारे ३०,००० पाठभेद नोंदलेले होते. भाविक हादरले, धर्मावर टीका करणाऱ्यांना हत्यार मिळाले.

याला रिचर्ड बेंटली या केंब्रिजच्या पंडिताने १७१३ साली जे उत्तर दिले, ते मला आजही पुरेसे वाटते. मिलने पाठभेद निर्माण केले नाहीत, ते होतेच. त्याने फक्त दाखवले. आणि एखाद्या ग्रंथाची एकच प्रत उरली तर तिच्यात पाठभेद शून्य असतात, पण तिच्यातल्या चुका दुरुस्त करायला साधनही उरत नाही. प्रती जितक्या जास्त तितके पाठभेद जास्त, आणि तितकीच मूळ शोधण्याची शक्यता जास्त.

आज हा आकडा कितीतरी वाढला आहे. पीटर गरी यांनी २०१६ साली मांडलेला अंदाज, शुद्धलेखनाचे फरक सोडून, पाच लाखांच्या आसपासचा आहे. नव्या करारात शब्दच साधारण १ लाख ३८ हजार. आकडा ऐकून छाती दडपते. पण त्यात एखाद्याच प्रतीत दिसणाऱ्या उघड चुका फार आहेत, शब्दांची जागा बदलणे फार आहे. अर्थ बदलतो आणि निर्णयही अवघड असतो अशी ठिकाणे त्यामानाने थोडी. ती मुळीच नाहीत असे म्हणणे मात्र खोटे ठरेल, आणि श्रद्धेच्या नावाखाली असे खोटे सांगितलेले मला आवडत नाही.

सिनाईचा मठ

सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरिनचा मठ आहे. १८४४ साली कॉन्स्टँटिन टिशेनडॉर्फ हा जर्मन अभ्यासक तिथे गेला आणि चौथ्या शतकातल्या एका विलक्षण पोथीची ४३ पाने लाइपझिगला घेऊन आला. ती जाळायच्या टोपलीत पडलेली होती, असे त्याने लिहिले. मठातल्या साधूंना हे कधीच मान्य झाले नाही. १८५९ साली रशियाच्या झारच्या आश्रयाने तो पुन्हा गेला आणि पोथीचा मुख्य भाग परत करण्याची पावती देऊन सेंट पीटर्सबर्गला नेला. पोथी परत गेली नाही. १९३३ साली सोव्हिएत सरकारने ती एक लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकली. १९७५ साली मठाच्याच भिंतीपलीकडे दडलेल्या एका जागी आणखी काही पाने सापडली. आज पोथी चार ठिकाणी विखुरलेली आहे: लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाई. २००९पासून ती संगणकाच्या पडद्यावर एकत्र पाहता येते.

टिशेनडॉर्फने विद्येवर उपकार केले हे निर्विवाद. पण ज्यांनी शतकानुशतके ती पाने जपली त्यांचा त्या पानांवरचा हक्क या कौतुकात झाकला जाऊ नये.

सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस या दोन पोथ्यांवर मुख्य भर देऊन वेस्टकॉट आणि हॉर्ट या केंब्रिजच्या जोडीने २८ वर्षांच्या कामानंतर १८८१ साली नवी ग्रीक संहिता प्रसिद्ध केली. ‘सर्वांनी स्वीकारलेल्या’ संहितेचे राज्य तिथून ओसरले.

बहुमत का चालत नाही

मार्कचे शुभवर्तमान कसे संपते? सिनाइटिकस आणि व्हॅटिकनसमध्ये ते १६:८ला संपते. स्त्रिया रिकाम्या कबरेपासून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्यांना भीती वाटत होती. तिथेच पूर्णविराम. पुनरुत्थित येशूचे दर्शन नाही, शिष्यांना आज्ञा नाही. ग्रीक हस्तलिखितांच्या ९९ टक्क्यांहून जास्त प्रतींत मात्र पुढची बारा वचने आहेत. मग नव्व्याण्णव टक्के चुकीचे?

परीक्षेत शेजारशेजारच्या वीस मुलांच्या उत्तरपत्रिकांत एकच विचित्र चूक असली, तर शिक्षक ते वीस साक्षीदार धरत नाहीत. एकाच वहीवरून उतरवलेले धरतात. हस्तलिखितांचेही तसेच. कोण कुणावरून उतरले आहे हे समान चुकांवरून ओळखायचे, त्यांची घराणी लावायची, आणि मग मते मोजायची नाहीत तर तोलायची. आणखी एक कसोटी योहान बेंगेल या जर्मन धर्मपंडिताने १७३४ साली सूत्ररूपाने मांडली: दोन पाठांपैकी अवघड तो मूळ असण्याचा संभव जास्त. कारण नकलाकार अवघड ते सोपे करतो. सोपे ते मुद्दाम अवघड कोण करेल?

मार्कचा शेवट या कसोट्यांवर घासून पाहा. भीतीवर संपणारे शुभवर्तमान अवघड आहे. त्याला जोड देण्याची इच्छा कुणालाही होईल. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस सांगतो की अचूक प्रती १६:८ला थांबतात. त्या बारा वचनांतले शब्द आणि वळणे बाकीच्या मार्कशी जुळत नाहीत. काही प्रतींत तर वेगळाच एक छोटा शेवट आहे, म्हणजे एकाहून अधिक जणांनी ही पोकळी भरायचा प्रयत्न केला. तरीही इरेनियस दुसऱ्या शतकात लांब शेवटातले वचन उद्धृत करतो, तेव्हा ही जोडही पुरातनच. मार्कने मुळात इथेच लेखणी ठेवली, की त्याचे शेवटचे पान हरवले, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

योहानाच्या आठव्या अध्यायातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची कथा हे याहून हळवे प्रकरण आहे. तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा, हे शब्द बायबल न वाचलेल्यांनाही ठाऊक असतात. पी ६६, पी ७५, सिनाइटिकस, व्हॅटिकनस, एकाही सर्वांत जुन्या साक्षीदाराकडे ही कथा नाही. ग्रीकमध्ये ती पहिल्यांदा दिसते ती बेझे या पोथीत, साधारण पाचव्या शतकात. पुढच्या प्रतींत तिला ठरलेली जागाही नाही: कुठे योहानाच्या अगदी शेवटी, कुठे चक्क लूकमध्ये. अशी भटकणारी कथा म्हणजे ती बाहेरून आल्याची खूण. ऑगस्टिन या प्राचीन धर्मगुरूला मात्र उलट वाटे. बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने काही अल्पविश्वासी पुरुषांनीच ती काढली असे तो लिहितो. हस्तलिखितांचा पुरावा त्याच्या बाजूने नाही. पण योहानाने लिहिली नाही म्हणजे ती घडलीच नाही, असाही निष्कर्ष पाठचिकित्सेतून निघत नाही. येशूविषयीची एखादी जुनी तोंडी आठवण उशिरा ग्रंथात शिरली असेल. पाठचिकित्सक एवढेच सांगतो की ती योहानाच्या लेखणीतली नव्हे. मंडळीने ती वाचावी का, हा प्रश्न मंडळीचा.

हीच कसोट्यांची शिदोरी घेऊन पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. विष्णु सीताराम सुकथनकर बर्लिनमध्ये जर्मन चिकित्सापद्धती शिकून आलेले होते, पण ती त्यांनी जशीच्या तशी लादली नाही. सूत-पौराणिकांच्या मुखी वाहत राहिलेल्या ग्रंथाला एका लेखकाच्या ग्रंथाचे नियम सरसकट लागू पडत नाहीत हे त्यांनी ओळखले. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो ही लाडकी कथा त्या आवृत्तीत मुख्य संहितेबाहेर, परिशिष्टात गेली. आपल्याकडच्या वाचकाला मार्कच्या शेवटाचे मोल समजायला यापरता जवळचा दाखला नाही.

‘मूळ’ म्हणजे कुठवर?

१९५९ साली कुर्ट आलान्ड यांनी जर्मनीत म्यून्स्टर येथे नव्या कराराच्या संहितेच्या संशोधनासाठी संस्था काढली. जगभरातल्या हस्तलिखितांना क्रमांक देण्याचे काम तिथेच चालते. मोठी अडचण अशी की नकलाकार एकाच प्रतीवरून उतरवत नसत. दोन-तीन प्रती समोर ठेवून हवा तो पाठ उचलत. त्यामुळे घराणी एकमेकांत मिसळतात आणि सरळ वंशवृक्ष काढता येत नाही. म्यून्स्टरच्या गेर्ड मिंक यांनी यावर संगणकाची मदत घेणारी पद्धत बसवली. संपूर्ण पोथ्यांऐवजी तिच्यात एकेका ठिकाणच्या पाठांची नाती लावली जातात, आणि हजारो ठिकाणांचे निर्णय एकमेकांशी ताडून पाहिले जातात. प्रत्येक ठिकाणी कोणता पाठ आधीचा, हे ठरवते मात्र माणूसच. या पद्धतीवर आधारलेल्या महाआवृत्तीचे कृत्यांचे खंड २०१७ साली आणि मार्कचे २०२१ साली आले.

तिच्यामुळे धाडसी निर्णयही झाले. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (३:१०) शेवटच्या दिवशी पृथ्वी आणि तिच्यावरची कामे ‘सापडतील’ असे जुन्या ग्रीक प्रतींत आहे. अर्थ नीट लागत नाही. प्रमाण ग्रीक आवृत्तीच्या २०१२च्या संस्करणाने तिथे ‘सापडणार नाहीत’ असा पाठ घेतला, जो उपलब्ध एकाही ग्रीक हस्तलिखितात नाही, फक्त सिरियाक आणि कॉप्टिक भाषांतरांत आहे. मला हा निर्णय पुरता पटलेला नाही. एकाही ग्रीक प्रतीत नसलेला शब्द ग्रीक मजकुरात घालायचा, तर ‘सापडतील’ला काहीच अर्थ लागत नाही हे आधी सिद्ध व्हायला हवे, आणि न्यायाच्या दिवशी माणसाची कामे उघड होतील असा अर्थ तिथे लावता येतो.

म्यून्स्टरचे अभ्यासक आता ‘मूळ’ हा शब्द जपून वापरतात. आपण पोहोचतो ते उरलेल्या सगळ्या प्रती जिथून फुटल्या त्या आरंभीच्या संहितेपर्यंत. लेखकाची लेखणी आणि ती संहिता यांच्यामध्ये काही वर्षांचे, काही हातांचे अंतर असू शकते, आणि तिथे पुरावा नाही. पौलाने पत्र सांगून लिहवून घेतले, एक प्रत पाठवली, एक स्वतःजवळ ठेवली असली, तर मूळ प्रत कोणती म्हणायची?

ते अंतर कमी होण्याची आशा पपायरसच्या नव्या तुकड्यांवर आहे. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस या गावाच्या उकिरड्यांत ग्रेनफेल आणि हंट यांनी १८९६-९७पासून खोदून काढलेले लाखो तुकडे ऑक्सफर्डला आहेत, आणि त्यांतला थोडाच भाग आजवर वाचून प्रसिद्ध झाला आहे. मार्कचा एक तुकडा पहिल्या शतकातला असल्याची आवई २०१२ साली उठली होती. २०१८ साली तो पी १३७ म्हणून रीतसर प्रसिद्ध झाला, तेव्हा संपादकांनी त्याचा काळ दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याचा आरंभ असा दिला. अपेक्षेपेक्षा शंभर वर्षे उशिराचा, तरीही मार्कच्या पहिल्या अध्यायातल्या त्या ओळींचा सध्या माहीत असलेला सर्वांत जुना साक्षीदार तोच आहे.